डाव्या हाताने पुढे केलेली बशी

थांब, फोन ठेवू नकोस, अशी निवांत बस. हातातलं काम आधी बाजूला ठेव बघू. काय गं तू! गेल्या दोन महिन्यांत चारदा फोन केलास आणि चारही वेळा एकच धोशा. मावशी, तू तिकडेच आहेस ना, मग त्या अ‍ॅशबर्नच्या मुलाच्या घरी एकदा जाऊन ये, लेकीसाठी स्थळ म्हणून बघ, तुझी नजर पडली की मी निर्धास्त. एकदा तरी विचारलंस का, मावशी, गुडघा कसा आहे, जेवतेस का नीट? आणि अ‍ॅशबर्न म्हणजे काय आपल्या आळीच्या टोकाला आहे? मी राहते मिनेसोटात, ईडन प्रेरीला. तिकडे जायचं तर विमानात बसावं लागतं. लेकीच्या काळजीने बोलतेस ते कळतं मला. पण मी जाणार नाही. नाही म्हणजे नाही. का ते सांगते, आणि त्यासाठी तुला बेसबॉलची गोष्ट ऐकावी लागेल. हसू नकोस.

माझ्या चौकशीशिवाय आपल्या घरात एक लग्न ठरलं नाही, हे तुला माहीत आहे. शाळा माझी सातवीपर्यंत, पण स्थळ बघायला निघाले की मी वकिलाला भारी. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जायचं, म्हणजे घर आवरायच्या आत सापडतं. पाणी प्यायला म्हणून उठायचं आणि मोरी बघून यायची. मुलगा आईशी बोलताना वर बघतो की खाली, ते बघायचं. एकदा तर मी पडलेली वाटी उचलायच्या मिषाने वाकले आणि सोफ्याच्या खाली भाड्याच्या दुकानाची चिठ्ठी शोधून काढली. सोफासेट एका दिवसापुरता आणलेला! तिथल्या तिथे स्थळ मोडलं. परतताना बसमध्ये तुझी आई सगळ्यांना सांगत होती, आमच्या ताईला कुणी फसवू शकत नाही. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू. आज त्या चिठ्ठीची आठवण झाली की वेगळंच वाटतं, पण ते पुढे येईल.

मी इथे आले दोन हजार एक साली. तुझे काका गेले आणि मुलगा म्हणाला, आता एकटी राहायचं नाही. मुलगा, सूनबाई दोघं नोकरीला, नात शाळेत. दिवसभर मी आणि स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीतून दिसायचं शेजारचं घर. तिथे एक म्हातारं जोडपं. बाई हसरी, गुबगुबीत. बुवा उंच, वाकलेला, डोक्यावर कायम टोपी. या बुवाचं वागणं मला पहिल्या आठवड्यातच खटकलं. एप्रिल लागला की हा रोज दुपारी गाडी काढायचा. गाडीत दुर्बीण, घडीची खुर्ची, वह्या. एकदा सूनबाईबरोबर जाताना बघितलं, तर हा एका शाळेच्या कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसलेला आणि पोरांकडे दुर्बीण लावून वहीत काहीतरी टिपतोय. आणखी एकदा त्याच्या गाडीची डिकी उघडी दिसली. आत चक्क पिस्तूल!

मी मुलाला म्हटलं, "अरे, शेजारचा माणूस पोलीस आहे नाहीतर पळवापळवी करणारा. पोरीला त्याच्या अंगणात पाठवू नकोस."

नात खो खो हसली. "आजी, दॅट्स नॉट अ गन!"

ते होतं चेंडूचा वेग मोजायचं यंत्र, नुसतं पिस्तुलासारखं दिसणारं. बुवा होता स्काउट. म्हणजे असं बघ, इथे बेसबॉलचे मोठे संघ दरवर्षी जूनमध्ये शाळा-कॉलेजांतली पोरं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. सगळे संघ पाळीपाळीने एकेका पोराचं नाव घेतात, आणि ज्याने नाव घेतलं त्याचं ते पोर. पण हजारो पोरांतून नाव कुणाचं घ्यायचं? त्यासाठी प्रत्येक संघाची माणसं गावोगाव हिंडून पोरं हेरतात आणि वर कळवतात. आमच्या शेजाऱ्याकडे आमचं आणि आजूबाजूचं दोन-तीन राज्यांचं रान होतं. संघ कुठला ते सांगत नाही, तुला त्याचं काय करायचंय.

मी मनात म्हटलं, हात्तिच्या! हा तर स्थळं बघतो.

त्याची बायको आणि मी कुंपणावरून बोलायला लागलो. बोलायला म्हणजे काय, ती तिच्या इंग्रजीत, मी माझ्या हातवाऱ्यांत. तिने मला रूबार्बचे लाल देठ दिले, मी त्यांचा गूळ घालून मुरंबा केला, आणि तिथून आमचं गूळपीठ जमलं. त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओवर सारखी बेसबॉलची मॅच चालू. माझं जे काही इंग्रजी आहे ते त्या रेडिओचं. सूनबाई म्हणते, आई दुकानात भाव विचारतात तेही कॉमेंट्रीसारखं. नात मला आजी म्हणते, म्हणून त्या दोघांना वाटलं माझं नावच आजी. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा माणूस मला आजी म्हणायचा! मग मीही त्याला भाऊजी म्हणायला लागले. मैत्रिणीचा नवरा तो, दुसरं काय म्हणणार? त्याला वाटलं, हे काहीतरी मानाचं पद आहे. तोही हाकेला ओ द्यायला लागला.

भाऊजींच्या कामात एक भाग असा होता की ड्राफ्टच्या आधी पोराच्या घरी जायचं. आईवडिलांशी बोलायचं, पोराला घर सोडून जायचं आहे की कॉलेजात शिकायचं आहे, ते काढून घ्यायचं. त्या भेटींना बायको बरोबर जायची. ती मला म्हणाली होती, "हा पोराचा हात बघतो, मी घर बघते." एकदा म्हणे तिने एका पोराच्या घरी फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्यांची चळत बघितली होती आणि सांगितलं होतं, पोराचं कोपर दुखतंय. भाऊजींनी ऐकलं नाही. ते पोर घेतलं, आणि वर्षाच्या आत त्याचं कोपर गेलं. वरच्या लोकांनी भाऊजींना फार बोल लावले. तेव्हापासून बायकोच्या शब्दाशिवाय ते पुढे जात नसत.

आणि दोन हजार तीनच्या वसंतात नेमका तिचा गुडघा उघडला डॉक्टरांनी. चालणं बंद. ती पलंगावरून मला म्हणाली, "आजी, या वर्षी तू जा."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगू? मला गुदगुल्या झाल्या. दोन वर्षं खिडकीत बसून होते गं. कुणी मला काही विचारत नव्हतं. भाजीत मीठ किती, एवढंही नाही. आणि इथे एक परका माणूस म्हणत होता, तुमची नजर हवी आहे.

पाचवारी साडी, वर सूनबाईचा जाड कोट, पायात तिचेच बूट, कानाला मफलर. एप्रिलमध्ये मैदानाच्या कडेला बर्फाचे ढीग असायचे, आणि पोरं तशा थंडीत फेकायची. भाऊजी यंत्र रोखून बसायचे. मला त्यांनी थांबायचं-चालायचं घड्याळ दिलं होतं. फळीचा टोला बसला की दाबायचं, पळणाऱ्याचा पाय पहिल्या बेसच्या गादीवर पडला की पुन्हा दाबायचं. माझ्याकडे एक जुनी डायरी होती, तीत मी मराठीत माझं लिहायची. भाऊजी विचारायचे, "काय लिहिलंत?" मी म्हणायची, "मग सांगते." लपवण्यातही एक ऐट असते बघ.

त्या वर्षी त्यांच्या मनात तीन पोरं होती. तिघांच्या घरी आम्ही गेलो.

पहिलं घर शेतावरचं. दारातच चिखल, बुटांचा ढीग, आई आतून ओरडतेय, कुत्री पायात येताहेत. पोर रेड्यासारखं धिप्पाड, फेकणाऱ्याच्या समोर बसून चेंडू झेलायचं. त्याने आमच्यासमोर थेट बाटलीला तोंड लावून दूध प्यायलं. मी डायरीत फुली मारली. बेशिस्त घर.

दुसरं घर बघून मात्र डोळे निवले. बूट ओळीने लावलेले. भिंतीवर बक्षिसं, त्यावर धूळ नाही. पोर मधल्या जागेवर खेळणारं, चपळ. आमच्यासाठी उठून उभं राहिलं, माझा कोट घेतला, प्रत्येक वाक्याला मॅम म्हणालं. आईने गरम पाव काढला. मी डायरीत लिहिलं, डोळे मिटून घ्यावं.

तिसरं घर गावाच्या टोकाला. आणि हे पोर भाऊजींच्या यादीत सगळ्यात वर होतं. फेकणारं पोर, उजव्या हाताचं. त्याचा चेंडू मी बघितला होता. भाऊजी यंत्रातला आकडा बघून दोनदा यंत्रच झटकायचे, इतका वेग. गाडीत जाताना म्हणाले, "आजी, असा हात मला दहा वर्षांत दिसला नाही. हे पोर लागलं की मी सुखाने निवृत्त होईन."

आता तू माझ्या बरोबर त्या घरात ये. बघ. बापाने दार उघडलं, हसला नाही. एका खोलीचं दार घट्ट बंद, आणि आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज. आईने तिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पटकन मोठ्याने बोलायला लागली. पोर टेबलाशी बसलेलं, मान खाली. भाऊजींनी काहीही विचारलं की उत्तर बाप देणार. माझ्या डोक्यात टकटक सुरू झाली. इथे काहीतरी झाकलंय.

मग आई म्हणाली, पाहुण्यांना बिस्किटं दे. पोर उठलं. बरणीचं झाकण उघडलं डाव्या हाताने. बिस्किटं काढली डाव्या हाताने. आणि बशी माझ्यापुढे केली तीही डाव्याच हाताने. उजवा हात पँटच्या खिशात.

मी बशीकडे बघतच राहिले. आपल्याकडे पाहुण्याला डाव्या हाताने काही दिलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. कुठली आई हे चालवून घेईल? आणि ही बाई बघत होती, बोलत नव्हती. म्हणजे तिला कारण माहीत होतं. उजवा हात दुखतो आहे! एवढीशी बशी पेलवत नाही इतका दुखतो आहे, आणि हे तिघं मिळून लपवताहेत. झालं, मला सोफ्याखालची चिठ्ठी सापडली.

गाडीत बसल्या बसल्या मी म्हटलं, "भाऊजी, पोराचा हात गेलाय."

त्यांनी गाडी सुरू केलीच नाही. "कशावरून?"

"त्याने उजवा हात वापरलाच नाही. झाकण नाही, बशी नाही, काही नाही. खिशात घालून बसला. आणि बाप त्याला बोलू देत नाही. आणि त्या बंद खोलीत काय आहे ते देव जाणे."

"मला तर फेकताना काही दिसलं नाही."

"तुम्ही चेंडू बघत होता. मी घर बघत होते."

बायकोचं वाक्य मी त्यांना ऐकवलं.   घरी येईपर्यंत ते हनुवटी चोळत होते.

पुढच्या मॅचला आम्ही पुन्हा गेलो. बोचरा वारा होता. पोराचा वेग थोडा कमी पडला. एरवी भाऊजी म्हणाले असते, थंडी आहे. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. पोराने दोन चेंडूंच्या मध्ये हातावर फुंकर मारली. मी म्हटलं, बघा. त्याने खांदा फिरवला. मी म्हटलं, बघा, बघा. संशय आला ना, की समोरचा माणूस जे काही करेल ते त्याच्याविरुद्धच जातं. नुसता उभा राहिला असता तरी मी म्हटलं असतं, कसा ताठ उभा आहे बघा, दुखत असणार.

भाऊजींनी वर कळवलं, हाताची शंका आहे, घेऊ नये.

जूनमध्ये ड्राफ्ट झाला. त्यांच्या संघाने ओळीत बूट लावणारं पोर लवकर घेतलं. शेतावरचं रेडकू फार उशिरा, भाऊजींनी माझी फुली ओलांडून हट्ट केला म्हणून. आणि तिसरं पोर दुसऱ्याच एका संघाने उचललं. मी मनात म्हटलं, भोगा आता. त्या संध्याकाळी मी शिरा केला आणि शेजारी वाटीभर पोचवला.

आता त्या बॅचचं काय झालं ते ऐक. इथे ड्राफ्ट झाला म्हणजे पोर लगेच टीव्हीवर दिसत नाही. चार-पाच वर्षं खालच्या पायऱ्यांवर खेळायचं, बसने गावोगाव हिंडायचं, त्यातून वर चढेल तो चढेल. बहुतेक पोरं मध्येच परततात. माझं आवडतं शहाणं पोर दुसऱ्या पायरीवर अडकलं. त्याला घराची फार आठवण यायची म्हणे. तिसऱ्या वर्षी घरी आलं आणि वडिलांच्या फरशीच्या दुकानात बसलं. मजेत आहे, पण खेळात नाही. रेडकू मात्र बसमधून हिंडत, हसत, सगळ्यांना हसवत एकेक पायरी चढत वरून दुसऱ्या पायरीपर्यंत पोचलं. गुडघे गेले तेव्हा त्याच संघाने त्याला लहान पोरांना शिकवायला ठेवून घेतलं. चिखलाच्या दारातलं, बाटलीला तोंड लावणारं पोर!

दोन हजार सहाला वरच्या लोकांनी भाऊजींना बोलावलं. टेबलावर जुन्या बॅचेस मांडल्या. दोन हजार तीनची बॅच पोकळ निघाली होती, आणि त्यांच्या रानातलं एक मोठं नाव त्यांनी सोडलं होतं, कुठलं ते भाऊजींनी तेव्हा मला सांगितलं नाही. वयाचं निमित्त सांगून त्यांना घरी बसवलं. त्यांना नोकरी गेल्याचं दुःख नव्हतं गं. ते वेगळंच धरून बसले. म्हणायचे, "माझी नजर गेली, आजी. मला दिसेनासं झालं आणि मला कळलंच नाही." रेडिओ बंद. दुर्बीण कपाटात. एप्रिल आला तरी गाडी जागची हलली नाही. बायको मला कुंपणावरून म्हणायची, "घरात एक खुर्ची वाढली आहे बघ, बोलत नाही, हलत नाही." तेव्हाही मला वाटत होतं, वरच्या लोकांचाच काहीतरी डाव असणार. मी स्वतःवर कशाला संशय घेईन? दुसऱ्यांवर घेऊन संपला तर ना.

मग दोन हजार सातचा उन्हाळा. मी टीव्ही लावून भेंडी चिरत होते. पाहुणा संघ आमच्या शहरात खेळायला आला होता. फेकायला उभं राहिलं ते पोर. तेच. खांदे भरलेले, दाढी आलेली, पण मान तशीच खाली. पाच डाव त्याने आमच्या पोरांना चेंडूला हात लावू दिला नाही. मी सुरी धरून बसून राहिले. मॅच संपली आणि कुंपणाशी लहान मुलं वह्या घेऊन उभी राहिली. त्याने पेन घेतलं. डाव्या हातात. सही केली, दुसरी केली, तिसरी केली. सगळ्या डाव्या हाताने. टीव्हीवर कॉमेंट्री करणारा माणूस हसत म्हणाला, हा गडी लिहितो डाव्याने, जेवतो डाव्याने, दात घासतो डाव्याने. उजव्याने फक्त चेंडू फेकतो.

अगं, माझ्या हातातली भेंडी खाली पडली.

आणि मला कोण आठवलं सांगू? तुझा मामा. माझा सख्खा भाऊ! जन्माचा डावखुरा. आमच्या आजीने त्याच्या डाव्या हातावर चमचा मारून मारून त्याला उजव्या हाताने जेवायला लावलं, लिहायला लावलं. पण गल्लीत क्रिकेट खेळायला गेला की चेंडू डाव्याच हाताने टाकायचा. एका कामाला एक हात, दुसऱ्या कामाला दुसरा, हे मी माझ्या घरात वीस वर्षं बघितलं होतं. तरी मला त्या पोराच्या बशीत ते दिसलं नाही. आपल्याकडे आई मारून हात बदलते. त्या आईने बदलला नव्हता, एवढंच. मी तिला खोटारडी ठरवलं.

तीन पोरं, तीन निकाल, तिन्ही चुकलेले. आणि शेजारी एक माणूस स्वतःचे डोळे गेले म्हणून बसून होता. खरं तर त्याचे डोळे साफ होते आणि मधे मी उभी होते.

दोन दिवस मी गेले नाही. खोटं कशाला बोलू, मनात आलं, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? मग तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी गॅरेजमध्ये खोकी भरताना दिसले. ते वेग मोजायचं यंत्र एका खोक्यात घालत होते, कुणाला तरी देऊन टाकायला. मी तशीच चप्पल घालून गेले.

"भाऊजी, ते ठेवा खाली. मला बोलायचंय."

बायको दारात येऊन उभी राहिली. मी माझ्या रेडिओच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बशी, डावा हात, आमच्याकडे डाव्या हाताने देत नाहीत ते, माझा भाऊ, माझ्या आजीचा चमचा. म्हटलं, "हात दुखत नव्हता. तो डावखुरा आहे. तुमची नजर बरोबर होती. ती मी झाकली."

भाऊजी बराच वेळ यंत्राची वायर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"आपण जाऊन आल्यावर चार दिवसांनी त्याने माझ्यासमोर एक फॉर्म भरला. डाव्या हाताने. मी बघितलं. मला कळलं होतं, आजी."

"मग वर का नाही कळवलं?"

"थंडीत वेग कमी पडला होता. मला आधीच्या पोराचं कोपर आठवत होतं. मी घाबरलो. तुमचा काही संबंध नाही. रिपोर्टवर सही माझी."

मी बायकोकडे बघितलं. ती दाराच्या मुठीवरचा डाग पदरासारख्या एप्रनने पुसत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"मग त्या बंद खोलीत काय होतं?" मी विचारलं.

भाऊजी पहिल्यांदा हसले. "कुत्रा. मीच फोनवर सांगितलं होतं, बरोबर साडी नेसणाऱ्या एक बाई येताहेत, कुत्रा अंगावर उडेल, आत बांधा."

आणि बाप का बोलू देत नव्हता? तर पोर बोलताना अडखळायचं, लाजायचं. बाप त्याला सांभाळून घेत होता.

मी म्हटलं, "तो रिपोर्ट दाखवा. त्या फॉर्मचं काही लिहिलं असेल ना."

भाऊजींच्या कपाटात त्यांच्या उमेदीच्या काळापासूनचे सगळे कागद आहेत. वर्षवार, अक्षरवार. त्यांनी खण उघडला, बोट फिरवलं, आणि म्हणाले, "तो कागद नाही सापडत."

सगळे कागद आहेत आणि नेमका तोच सापडत नाही! माझ्या डोक्यात पुन्हा टकटक सुरू झाली. हा माणूस खरं बोलतोय की माझं मन राखतोय? बायको का बघत नाही? तो खण मी स्वतः उघडून बघितला असता तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. तुला माहीत आहे माझा हात कसा चालतो. मी कपाटापर्यंत गेलेही. मग म्हटलं, नको. जन्मात पहिल्यांदा मी एक चौकशी अर्धी सोडली. खण ढकलून बंद केला आणि म्हटलं, "असू दे. चहा करू का?"

अजून मला ठाऊक नाही. अजून संशय येतो, अगदी परवा त्यांच्या ताटात वाढतानाही आला. येतो तसा येऊ देते, त्याच्यामागे जात नाही. तो सोफासुद्धा आठवतो आता. त्या लोकांनी भाड्याने आणला, पण आणला तो आपण जमिनीवर बसू नये म्हणूनच ना? ते मी कुणाला विचारलं होतं?

या वर्षी एप्रिलमध्ये भाऊजींनी गाडी बाहेर काढली. नोकरी नाही, संघ नाही, नुसतंच. हॉर्न वाजवला. मी मफलर गुंडाळून गेले. त्यांच्या बायकोचा गुडघा आता ठीक आहे, ती मागे बसली. शाळेच्या मैदानावर एक पोर फेकत होतं. भाऊजींनी दुर्बीण लावली, दोन चेंडू बघितले आणि पुटपुटले, "खांदा लवकर उघडतोय." त्यांच्या आवाजात ते जुनं काहीतरी होतं. मला विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मी घड्याळ दाबते. मला काही वाटत नाही."

ते मोठ्याने हसले. मागून बायको म्हणाली, "खोटं बोलतेय ही, भाऊजी!" तिचं भाऊजी ऐकून मलाही हसू फुटलं.

तर आता तुझ्या अ‍ॅशबर्नच्या मुलाचं. मी त्याच्या घरी जाऊन त्याची मोरी बघणार नाही. बघितली तर मला काहीतरी सापडेलच, त्याची मला खात्री आहे, आणि ते तुझ्या लेकीच्या आयुष्यात जाऊन बसेल. त्याने चहा कुठल्या हाताने दिला, तो का गप्प होता, दार का बंद होतं, हे ज्याच्याबरोबर राहायचं आहे तिने विचारावं. सरळ विचारावं, त्याला. मला एवढंच करायचं राहिलं होतं त्या घरात. बाळा, तू डाव्या हाताने का देतोस, असं एक वाक्य. माझ्या रेडिओच्या इंग्रजीतही जमलं असतं गं.

तेव्हा तू लेकीला घेऊन ये. आधी अ‍ॅशबर्नला उतरा, तिला त्या मुलाशी हवं तेवढं बोलू दे, तू मध्ये बसू नकोस. मग दोघी इकडे या. माझा गुडघा बघ, भाऊजींना भेट, रूबार्बचा मुरंबा बरणीभर ठेवला आहे. ऑक्टोबर संपला की इथे दार उघडवत नाही, इतका बर्फ. त्याच्या आत ये. नुसता फोन करू नकोस, ये.